इंटरकूलरचा सत्कार

आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. माझं इंजिनीअरिंग झालं ते तात्यांमुळे, म्हणजे थोरल्या चुलत्यांमुळे. त्यामुळे "जीपला त्यो इंटरकूलर तूच बसव" असं ते म्हणाल्यावर नाही म्हणायची सोय नव्हती.

त्यांच्या मुलानं जुन्या पेट्रोल जीपला हौसेनं सुपरचार्जर बसवून घेतला होता. सुपरचार्जर इंजिनात हवा दाबून कोंबतो. दाबलेली हवा तापते आणि चढावर इंजिन खडखडतं. इंटरकूलर ही ती हवा गार करणारी जाळी. तिला समोरून वारा मिळाला की काम झालं. हे समजावल्यावर तात्या म्हणाले, "म्हंजी वाऱ्यानं वारा गार करायचा. ह्येला चार वर्सं लागली व्हय रं शिकायला?"

मी बारामतीत नोकरीला. सुट्टीच्या दिवशी सोमेश्वरनगरला जाऊन जाळी रेडिएटरपुढं बसवली, पाइप जोडले, गाडी फिरवून पाहिली. छान पळाली. तात्यांनी लगेच भावकीत जाहीर केलं, की पोराच्या लग्नाची सुपारी फोडायला मुलीच्या गावी, बावड्याला, ह्याच जीपनं जायचं. "आमच्या इंजिनीअरचं काम हाय!" आता ती वाटेत बंद पडली असती, तर चार लोकांत तात्यांची मान खाली गेली असती.

निघताना मी मागं पेढ्यांचे खोके लावत होतो. पुढं काकूंनी कुंकू लावून नारळ फोडला. तेवढ्यानं तात्यांचं समाधान होईना. आमच्याकडं चेअरमनपासून बैलापर्यंत सगळ्यांचा सत्कार होतो.

बारामती सोडून इंदापूरच्या रस्त्याला लागलो आणि पहिल्याच चढाला इंजिन खडखडलं. काटा लालवर गेला.

"मी म्हनत हुते, यष्टीनं जाऊ," मागच्या सीटवरून आत्या म्हणाली.

  मी उतरून पुढं गेलो. जीपच्या तोंडावर जाड शाल पसरलेली, आणि उडू नये म्हणून वरून झेंडूचा हार सुतळीनं आवळलेला.

"तात्या, शाल काढावी लागेल."

"सत्काराची शाल काढत्यात व्हय?"

"जाळीला वाराच लागत नाही. नाकावर उशी दाबल्यागत झालंय."

तात्यांनी शालीकडं पाहिलं, मग भावकीकडं. "कुणी बांधली रं एवढी घट्ट?"

"तुमीच की!" आत्या म्हणाली.

इंजिन निवेपर्यंत सगळे बाभळीखाली थांबलो. तात्यांनी स्वतः सुतळी सोडली, शाल घडी घालून खांद्यावर टाकली. पुढचा चढ आला. जीप एका दमात वर गेली. तात्यांनी माझ्या गुडघ्यावर ठेवलेला हात बावडा येईपर्यंत काढला नाही.

मुलीकडची मंडळी सामोरी आली. तात्यांनी मला दंडाला धरून पुढं ओढलं. "ह्यो आमचा इंजिनीअर," ते म्हणाले. मग जरा आठवून मागं बघत, "आन् त्यो तिकडं नवरदेव."