नववी 'ब'ची राज्यघटना

नागरिकशास्त्र शाळेत कुणालाच नको असायचं, म्हणून ते मला मिळालं होतं. नव्वदच्या दशकाची अखेर होती. शाळा एकलहऱ्याजवळ, अर्धी मुलं वीज केंद्राच्या क्वार्टर्समधली, अर्धी आसपासच्या मळ्यांतली. राज्यघटनेच्या ऐतिहासिक पार्श्वभूमीचा धडा मी काढला की नववी 'ब'चे डोळे मिटू लागायचे. त्या दिवशी तर मागून घोरण्याचा आवाज आला. माझा स्वभाव मुळात तापट. मी डस्टर आपटलं आणि म्हणाले, "समजा, हा वर्ग म्हणजे आजच स्वतंत्र झालेला देश. लिहा आता स्वतःची घटना."

घटना आभाळातून पडत नाही, आधीच्या वहिवाटी शोधाव्या लागतात, हेही मीच बजावलं. पोरांनी त्या फारच मनावर घेऊन शोधल्या. शेवटचा बाक म्हणे वंशपरंपरागत होता: आधी थोरला भाऊ, मग मधला, आता धाकटा. त्या बाकाने देशात विलीन व्हायला साफ नकार दिला. दोन दिवस वाटाघाटी चालल्या, आणि खिडकीवरचा हक्क कायम ठेवून ते संस्थान खालसा झालं. देवळाली कॅम्पातून आलेल्या फौजीच्या मुलाला सगळा कारभार शिट्टीवर हवा होता. त्याचं शांतपणे ऐकून घेतलं गेलं आणि शिट्टी जप्त झाली.

मसुदा समितीची अध्यक्ष होती खो-खोच्या संघाची कर्णधार. द्राक्षाच्या मळ्यातून सायकलवर येणारी, मोजकं बोलणारी मुलगी. तिचं दुखणं मला कळायला हवं होतं. गुरुवारचा खेळाचा तास मी आठवीपासून त्यांच्याकडून घेत होते, माझ्याकडेच असलेल्या इतिहासाचा पोर्शन संपवायला. सगळेच शिक्षक घेतात, त्यात आम्हाला काही वावगं वाटत नाही. सराव नाही म्हणून तिचा संघ गेल्या वर्षी तालुक्याला पहिल्याच फेरीत गारद झाला. दहावीत घरचे खेळू देणार नव्हते, त्यामुळे तिला हेच वर्ष उरलं होतं.

मसुदा समोर आला तेव्हा मी अक्षराचं कौतुक केलं आणि हजेरीपटावर करते तशी न वाचता सही ठोकली.

पुढच्या गुरुवारी खडू घेऊन वर्गात शिरले. सहामाही तोंडावर आली होती आणि दोन धडे शिल्लक होते. कर्णधार उभी राहिली.

"बाई, हा तास तुम्हाला घेता येणार नाय."

"कोण म्हणतं असं?"

"कलम चार. खाली तुमची सही हाय."

वाचलं. खेळाचा तास कोणालाही घेता येणार नाही, परीक्षा जवळ आली तरी नाही. 'परीक्षा' या शब्दाखाली दोन रेघा होत्या.

मी भडकले. हे सगळं खोटं-खोटं होतं, असं अगदी ओठांवर आलं. पण अख्खा वर्ग माझ्या तोंडाकडे बघत होता. तसं म्हटलं असतं तर दोन आठवडे मी त्यांना काय शिकवलं होतं? मग जरा शहाणपणा सुचला आणि मी घटनादुरुस्तीचा ठराव मांडला. बाजूने एकच हात वर आला, पायाला प्लास्टर असलेल्या मुलाचा. शेजाऱ्याने नुसतं बघितलं, तसा त्याने तोही खाली घेतला.

वर्ग मैदानावर गेला आणि मी मागोमाग. तिथे कर्णधाराने मला घड्याळ लावून वेळ मोजायला बसवलं. राग आला होता, लाजही वाटत होती. पण ती खांबाला वळसा घालून सुसाट निघाली तेव्हा माझा ऊर भरून आला, हे कबूल करायला हवं.

तेवढ्यात मुख्याध्यापक व्हरांड्यातून आले.

"पोर्शन राहिलाय ना तुमचा? मग इथे काय करताय? बोलवा त्यांना वर्गात."

"मला तो अधिकार नाही, सर," मी म्हणाले. "आणि तुम्हालाही नाही."