झडपेखालचा दगड

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. एकदा तिला सांगायला बसलो होतो – चहा निवून गेला, आणि मी नळाच्या पाण्याबद्दल काहीतरी बोलून उठलो. आता तुम्हाला सांगतोय. धीर आला म्हणावं, तर तसंही नाही. ज्याला सांगायला हवं होतं तो माणूस राहिला नाही, एवढंच.

मी पेणच्या एका कॉलेजात शिकवतो, राहतो रोह्याला. काही वर्षांपूर्वी मुलांना घेऊन खाडीकाठच्या एका गावात तिवरं, म्हणजे खारफुटी, लावायचं काम सुरू केलं. बांधाबाहेरची जुनी तिवरं तुटून गेली होती, भरतीचा मार थेट मातीच्या बांधावर बसत होता. मुलं चिखलातून प्लास्टिक वेचायची, पिशव्यांत रोपं वाढवायची, गावच्या शाळेतल्या पोरांना खेकडे नि निवट्यांसारखे चिखलातले मासे दाखवायची.

गावाला हे आधी नको होतं. तिवरं वाढली की सरकार जमीन घेणार, ही भीती. त्यांना वळवलं ते दर्शनानं – माझी विद्यार्थिनी, त्याच गावची. घरोघर फिरली. तिचे वडील हिराजी सगळ्यांत आधी तयार झाले, लेकीसाठी. बांधाच्या आत, चरालगतची आपली जागा त्यांनी आमच्या रोपांना दिली.

चांगलंच काम होतं ना? सगळे तसं म्हणायचे. आणि मला ते ऐकायला आवडायचं – फार आवडायचं.

त्या बांधाला एक उघाडी आहे, म्हणजे पाणी सोडायचं दार. ओहोटीला शेतातलं पाणी तिच्यातून बाहेर जातं. भरती आली की खाडीचंच पाणी लाकडी झडप दाबून घट्ट बसवतं. पौर्णिमा-अमावास्येला, उधाणाच्या दिवसांत, गावातलं एकेक घर आळीपाळीनं तिची राखण करतं. ज्याची राखण, त्याच्याशिवाय झडपेला कुणी हात लावायचा नाही. हे मला पहिल्याच दिवशी दर्शनानं सांगितलं होतं.

कोजागिरीचा दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळी आमचं काम बघायला पाहुणे येणार होते. ऑक्टोबरच्या उन्हानं रोपांनी माना टाकल्या होत्या. राखण हिराजींची. संध्याकाळच्या ओहोटीला ते झडप बघून घरी गेले. मुलंही गेली. मी एकटा मागे राहिलो, आणि – झडपेखाली एक दगड सरकवला. नारळाएवढा. रात्रीच्या भरतीला थोडं पाणी चरात येईल, सकाळी रोपं ताजी दिसतील. थोडंच पाणी. मी खरंच तसं समजलो होतो का? की समजायचं ठरवलं होतं?

रोह्याकडं निघालेली गाडी नागोठणं सोडून निडीला थांबली, तेव्हा लक्षात आलं. आज पौर्णिमा. उधाण. फोन खिशात होता, दर्शनाचा नंबर त्यात होता. पण फोन करायचा म्हणजे झडपेला हात लावला हे कबूल करायचं. गाडी सुटली. घरी जाऊन मी मसाला दूध प्यायलो.

सकाळी पोचलो तर अर्धी झडप मोडून लोंबत होती. भात दाण्यात आलं होतं, त्यात गुडघाभर खारं पाणी. एकदा खार बसला की पुढं काही वर्षं ती जमीन धड पिकत नाही. आमची रोपं मात्र टवटवीत होती.

सगळा गाव बांधावर, हिराजींभोवती. एकजण म्हणाला, "काय रं हिराजी, कोजागिरी लवकर साजरी केलीस वाटतं?" दोघंतिघं हसले. हिराजींना संध्याकाळी थोडी घ्यायची सवय होती, ते सगळ्यांना माहीत. ते एवढंच म्हणत राहिले, "मी हात लावून बघितली व्हती. घट व्हती."

मी मदतीच्या निमित्तानं खाली उतरलो. दगड तिथंच होता. पायानं तो चिखलात दाबला.

वर आलो तर दर्शना समोर. डोळे सुजलेले. तिनं हळूच विचारलं, "सर, शेवटी तुम्ही निघालात ना? झडप बसलेली व्हती ना?"

तिला फक्त एक हो हवं होतं. आणि मी म्हणालो, "थोडी उघडी दिसली होती गं. वाटलं, बाबा येऊन बसवतील."

तिनं मागं वळून वडिलांकडं बघितलं – तसं बघताना मी तिला आधी कधी पाहिलं नव्हतं.

हिराजींना पुन्हा राखण मिळाली नाही. बांध घालायला सगळं गाव जमायचं, त्यांना कुणी हाक मारायचं नाही. दोष त्यांचा ठरला, म्हणून आमचं काम चालू राहिलं. आज तिथं डोक्याच्या वर तिवरं आहेत. दर्शना शाळांतल्या मुलांना ती दाखवायला नेते, आणि हे सगळं सरांमुळं, असं सांगते.

मागच्या महिन्यात ती रोह्याला घरी आली. हिराजी गेल्याचं सांगायला. म्हणाली, "शेवटच्या दिवशी मी बाबांचा हात धरला, सर. म्हटलं, त्या उघाडीचं मी मनात नाय ठेवलं. माफ केलं तुम्हाला."

मी विचारलं, ते काय म्हणाले.

"त्यांनी तोंड भिंतीकडं केलं."

मी म्हणालो, "बरं केलंस."

निघताना ती वाकून माझ्या पाया पडली. मी पडू दिलं.