चावडीवरून आलेला निरोप

आमचा हंबीरराव म्हणजे एक नमुना. सत्तरीला टेकला तरी धरणात पर्यटकांची बोट चालवतो, आणि वायरलेसवर असा ओरडतो की सेट नसता तरी धक्क्यावर ऐकू आलं असतं! धक्क्यावर सेटपाशी बसणारी तमन्ना त्याला रोज झापते.

"मामा, जवळच्या तरंगत्या बोयाचा नंबर सांगा, माणसं किती ते सांगा, आणि बटण सोडा की! मी बोलू कधी?"

"व्हय व्हय, कलेक्टरीणबाई."

त्या पाण्याखाली आमचं जुनं गाव आहे. धरण भरलं त्या साली हंबीररावाचा बाप, आबा, चावडीच्या कट्ट्यावरून उठलाच नाही. आम्ही डोंगरावरून हाका मारत होतो. खालून एकच उत्तर यायचं, अगदी शांत : "मी चावडीवर हाय." मग तेही बंद झालं. तेव्हापासून हंबीररावानं चावडी हा शब्द तोंडात घेतलेला नाही.

गेल्या पौषात सकाळी धुकं दाटलं. हंबीरराव उचगावच्या चौघा पाव्हण्यांना घेऊन आत गेलेला. मी तमन्नापाशी चहा पीत होतो. सेट खरखरला.

"इंजिन बंद. बोटीत पाणी शिरतंय. पाच माणसं. मी चावडीवर हाय."

"आजोबा, पाण्यात कसली चावडी?" तमन्नानं माझ्याकडं वळून विचारलं.

माझी बशी लवंडली. आवाज शांत होता. हंबीरराव, आणि शांत?

धक्क्यावरच्या दुसऱ्या बोटवाल्यानं, विजयसिंहानं, आपली बोट काढली, मी पुढं बसलो. देवळाचा कळस तेवढा पाण्याबाहेर असतो. कळस लागला की उजवीकडं चावडी, ही वाट अजून माझ्या पायात आहे. पाचही जण तिथंच सापडले, बोटीत गुडघाभर पाण्यात.

धक्क्यावर पाय ठेवताच हंबीरराव तमन्नावर उखडला. "सात नंबर, सात नंबर म्हणून घसा फोडला, एक उत्तर न्हाय!"

सात नंबरचा बोया पार दुसऱ्या टोकाला. धुक्यात गडी चुकला होता. आम्ही तिकडं गेलो असतो तर?

"तू चावडी म्हणालास," मी म्हटलं.

"मी? न्हाय."

उचगावकरही म्हणाले, "सात नंबरच म्हणत होते की."

हंबीरराव खाली बसला तो बराच वेळ उठला नाही.

आता बोटी बांधून झाल्या की तो सेट हातात घेतो आणि हळू आवाजात म्हणतो, "आबा, पोचलो." मग कुणी न सांगता बटण सोडतो आणि ऐकत बसतो. तो उठेपर्यंत तमन्ना सेट बंद करत नाही.