उलटी बसवलेली चिप

आमच्या जुन्या कॉम्प्युटरची मेमरी चिप आता मिळत नाही आणि नवीचे पाय त्याच्या खोबणीत बसत नाहीत. म्हणून मधे घालायला मी बोटाएवढी हिरवी पट्टी बनवली. वर नवी चिप, खाली जुन्या मापाचे पाय. दुभाषीच म्हणा ना!

बटण दाबलं. पडद्यावर हिरवा चौकोन लुकलुकला आणि माझा जीव भांड्यात पडला.

"अगं, चाललं की!" हे ओरडले.

यांनी चहा सांडला म्हणून हे यंत्र बिघडलं, असं घरात चाळीस वर्षं सगळे मानतात. खरं तर तेव्हाच्या अतिशहाण्या बाईंनी, म्हणजे मीच, चिपवरची खाच न बघता ती उलटी बसवून जाळली होती. त्याच दिवशी यांचा कप लवंडला आणि बाईंचं फावलं.

अडलेलं बोलायलाही मधे अशी एखादी पट्टी लागत असावी. लुकलुकत्या चौकोनाकडे बघत मी सांगून टाकलं, "अहो, चिप मीच उलटी बसवली होती."

"ठाऊक आहे. तुझा रडवेला चेहरा बघूनच मी चहा सांडला."

चाळीस वर्षं मी यांना त्या टेबलाजवळ कप आणू दिला नव्हता. आज मीच चहा आणून ठेवला, अगदी कीबोर्डला खेटून.