मामाची पूर्वपरवानगी

तमाम पेडणेकरांस गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, आमच्या घराण्यात कायद्याने दोषी ठरलेला एकच पुरुष झाला, आणि तो माझा सख्खा मामा होता.

बांधावरच्या काजूवरून मामाने शेजाऱ्याला छत्रीने बडवलं होतं. पहिलाच गुन्हा, वय साठीपार, म्हणून कोर्टाने तुरुंगाऐवजी वर्षभर नीट वागण्याचं बंधपत्र लिहून घेतलं. महिन्यातून एकदा प्रोबेशनवाल्या बाईंपुढे हजेरी, आणि पूर्वपरवानगीशिवाय गोव्याची हद्द ओलांडायची नाही. अट मोडली तर मूळ गुन्ह्याची शिक्षा, म्हणजे तुरुंगच.

त्या हजेऱ्या म्हणजे आमची सहल. तुयेहून मी त्याला मोटारसायकलवर पेडण्याला न्यायचो. मामा इस्त्रीचा सदरा घालून, लग्नाला निघाल्यासारखा. बाईंसाठी परसातली केळी न्यायचा. बाई ती दरवेळी परत करायच्या. मग हॉटेलात गरम उंडे पाव, पातळभाजी आणि वर तीच केळी. मामाचा एवढा सहवास मला आधी लाभला नव्हता, नंतरही नाही.

आठव्या महिन्यात मामा हद्दीपलीकडे, सावंतवाडीकडच्या जत्रेत दशावताराला पखवाज वाजवून आला. कुणीतरी मोबाइलवर ते टिपलं, ते फिरत फिरत शेजाऱ्याकडे पोचलं, आणि शेजाऱ्याने थेट बाईंना दाखवलं. कोर्टाचं समन्स आलं. मामीने तुरुंगासाठी घोंगडी काढून उन्हात टाकली.

परवानगी घेतली होती का, असं न्यायाधीशांनी विचारलं.

"घेतली होती साहेब," मामा छाती काढून म्हणाला. "देवाची."

आमच्याकडे विहीर खणण्यापासून मुलगी देण्यापर्यंत सगळं देवाला कौल लावूनच ठरतं. मूर्तीला पाकळ्या चिकटवतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. परवानगी म्हटल्यावर मामाला दुसरं कुणी आठवलंच नाही.

बाईंनी सांगितलं, हजेरी एकही चुकलेली नाही. न्यायाधीशांनी हसू दाबून लिहायला घेतलं: पहिलीच चूक, गैरसमजातून, म्हणून नाममात्र दंड, पुन्हा घडलं तर तुरुंग. सही झाली. मी श्वास सोडला.

मागे उभी असलेली मामी, मूळची सावंतवाडीकडचीच, इतका वेळ पदर चावत होती. तिला राहवलं नाही.

"ह्ये खोटा बोलतत, सायबांनू. देवान तीनय वेळा डावोच कौल दिलेलो!"