मिस्त्रीचा मान

माझी बायको पूर्णिमा वायरमन आणि मी रिक्षावाला. तिची शिडी, ड्रिल, वायरची बंडलं मीच रिक्षातनं पोचवतो. त्यामुळं नव्या घरी गेलं की लोक हमखास मलाच विचारतात, "मिस्त्री, काम कवा उरकंल?" मला साधा फ्यूज बदलता येत नाही! मित्र 'हेल्पर' म्हणून चिडवतात. चिडवू देत. मलकापूरच्या या पोरीनं आयटीआय केलं, दुसऱ्यांच्या हाताखाली वर्षानुवर्षं राबली आणि यंदा स्वतःच्या नावावर पहिलं मोठं काम घेतलं, आमच्याच शिवाजी पेठेत.

काम होतं पिराजीकाकांचं. मागच्या खोलीत त्यांच्या बायकोचा, तानाकाकींचा, मिरची कांडायचा डंक. तो सुरू केला की आख्खं घर अंधारात. म्हणून पूर्णिमानं मेन बोर्डावरनं जाड केबल ओढून मागं डंकासाठी वेगळा डीबी, म्हणजे स्विचांचा डबा, बसवला. अर्थिंग केलं. करंट कुठं फुटलाच तर लगेच वीज तोडणारा स्विचही घातला. काकींनी डंक सुरू केला आणि खट्! सगळं बंद. परत सुरू केला, परत खट्.

"त्यो खटका काढून टाका की. डायरेक्ट जोडा," काका म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "पावणं, तुमी बघा जरा."

माझं डोकंच सटकलं. पण मी तोंड उघडायच्या आत तीच बोलली.

"डायरेक्ट करणार न्हाय, काका. पायजे तर डबा काढून नेतो, दुसरा मिस्त्री बगा."

पहिलंच काम असं हातचं गेलं, तर पेठेत दुसरं कोण देणार हिला? ती मात्र काकींकडं वळली होती.

"काकी, डंकाला हात लावला की झिणझिण्या येत्यात काय?"

"येत्यात की! म्हणून तर पाटावर हुबी ऱ्हातो. ह्यांनीच करून दिलाय पाट, सागवानी."

काकांचा चेहरा पांढराफटक पडला.

पूर्णिमानं मोटर उघडली. आतली एक वायर घासून उघडी पडली होती आणि थेट लोखंडाला टेकली होती. तिनं ती बदलली. डंक घडघडा चालला, खटका काही पडला नाही.

आमच्याकडं काम फत्ते झालं की मिस्त्रीला टॉवेल, टोपी, नारळ देतात. काका ताट घेऊन आले ते सवयीनं माझ्यासमोरच. काकींनी ताट काढून घेतलं.

"अगं, तिची वटी भर की," काका पुटपुटले.

"वटी कवाबी भरंन. मिस्त्री ही हाय."

त्यांनी टॉवेल पूर्णिमाच्या खांद्यावर टाकला, टोपी तिच्या डोक्यावर ठेवली. नारळ काकांनी स्वतः उचलून तिच्या हातात दिला.

टोपी मोठी होती, कानावर येत होती. ती काढायला लागली तसा मी ओरडलोच, "ऱ्हाऊ दे!" घर दोन गल्ल्यांवर होतं. पण ती टोपी घालून मागं बसली होती, म्हणून मी सगळ्या पेठेला वळसा घातला, तोही हॉर्न वाजवत.