दोन झाकणं द्राक्षासव

दिंडोरीकडे आमची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबरात छाटणी झाली की ती बाग राहत नाही, नुसता सांगाडा उरतो. आजूबाजूला पावसाने माजलेलं हिरवं रान आणि मध्ये ओळीने उभ्या पानं नसलेल्या वेली. छाटलेल्या काड्यांच्या डोळ्यांना, म्हणजे जिथून कोंब फुटतो त्या गाठींना, मग औषध लावतात. त्याला सगळे पेस्टिंग म्हणतात. कुठला डोळा झाला आणि कुठला राहिला हे कळावं म्हणून औषधात लाल रंग मिसळतात. स्पंजने काडी पुसत माणसं ओळीतून पुढे सरकतात आणि मागे हजारो लाल टोकं उरतात. लहानपणी मला ते बघवत नसे. अजूनही नाही.

या औषधाने वेल झोपेतून उठते. पूर्वी थंडी आपल्या वेळेवर यायची, पाऊसही दसऱ्याआधी निघून जायचा. आता तो दिवाळीपर्यंत रेंगाळतो आणि थंडीचा भरवसा उरलेला नाही. म्हणून औषध जास्त कडक करावं लागतं. उघडीप मिळाली की सगळ्या बागा त्याच चार दिवसांत उरकायच्या. त्या दिवसांत शिवारात एक उग्र, गोडसर वास असतो. पाखरं फिरकत नाहीत. ट्रॅक्टर बंद झाले की इतकं शांत होतं, की ओल्या स्पंजाचा आवाजही ऐकू येतो.

बाग माझा थोरला भाऊ बघायचा. मी नाशिकला एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करतो. दादाचं लग्न झालं नव्हतं. शेतकरी मुलाला मुलगी द्यायला कोणी तयार नसतं, तसंच त्याचंही झालं. घरात तो आणि आई. पेस्टिंगला मी दरवर्षी रजा काढून जायचो, पण माझ्या हाताला कामाचा वेग नव्हता. मी पाणी द्यायचो, रिकामे डबे उचलायचो.

औषधाचा एक नियम दादा फार कडक पाळायचा. पेस्टिंगच्या आधी आणि नंतर आठवडाभर दारूला शिवायचं नाही. शिवलं की अंग लाल होतं, छाती धडधडते, माणूस आडवाही होतो. म्हणून रोज सकाळी तो मजुरांना बांधावर उभं करायचा आणि एकेकाचं तोंड हुंगायचा. मजुरांची टोळी पेठ तालुक्याकडची. तिचा मुकादम म्हातारा, वात्रट.

"दादा, किती जवळ येशील रं? लगीन लावतो का माझ्याशी?"

"तुझ्याशी लावण्यापेक्षा बिनलग्नाचाच बरा मी. आ कर."

सगळ्या बाया हसायच्या. दादा स्वतः मात्र आयुष्यात थेंबाला शिवला नव्हता.

गेल्या वर्षी पाऊस इतका लांबला की तीन दिवसांत सगळी बाग उरकावी लागली. रबरी मोजे पहिल्याच दिवशी फाटले. दुसऱ्या दिवशी दादाने ते फेकून दिले. तिसऱ्या दिवशी दिवस मावळायच्या सुमारास तो ओसरीवर येऊन बसला, तेव्हा त्याचे हात कोपरापर्यंत लाल होते. जेवावंसं वाटत नाही, पोट जड झालंय म्हणाला. मी आईसाठी नाशिकहून द्राक्षासवाची बाटली आणली होती, भूक लागावी म्हणून. तीच फोडली. झाकणात ओतून पाणी घातलं आणि त्याच्यापुढे धरलं.

"घे, पोट हलकं होईल."

"द्राक्षं पिकवून पिकवून विटलो, आता औषधातपण तीच?" तो म्हणाला आणि प्यायला. मी दुसरं झाकण दिलं.

थोड्याच वेळात हातांवरचा रंग त्याच्या गळ्यावर दिसायला लागला. मग कानांवर, गालांवर. मला खरंच वाटलं, की त्याने लाल हातांनी तोंड पुसलंय. मी ओला टॉवेल घेऊन त्याचा गाल पुसला. रंग निघाला नाही. तो आतून आला होता.

"कानात कोणीतरी ढोल बडवतंय," तो म्हणाला. तोंड धुवायला उठला आणि मोरीपाशी बसला तो बसलाच.

दवाखान्यात पोचेपर्यंत तो गेला होता. डॉक्टरांनी विचारलं, "दारू घेतली होती का?" मी जवळजवळ ओरडलो, "आमच्या घरात कोणी शिवत नाही." अंगावरच्या लालीबद्दल विचारलं, तर मी म्हणालो, "रंग आहे. पेस्टिंगचा." हृदय बंद पडलं, असं कागदावर आलं.

दहाव्याचे विधी आटोपून आम्ही घरी परतलो, तेव्हा बाग फुटली होती. दादाने पुसलेला प्रत्येक डोळा एकाच दिवशी उघडला होता. पोपटी, ओलसर, सगळे एकाच उंचीचे. वारा नव्हता. आई पायरीवर थबकली आणि म्हणाली, "दार लावून घे."

मी वाचणारा माणूस. पण बाटलीवरची बारीक अक्षरं मी वाचली महिनाभराने. आसव मुरताना त्यात आपोआप मद्य तयार होतं, हे तिथे स्पष्ट लिहिलेलं होतं. औषधाच्या डब्यासोबतचा कागदही मग वाचला. दोन झाकणांनी माणूस जातो की नाही, हे मला आजही ठाऊक नाही. कोणाला विचारलंही नाही. आईला सांगितलं नाही. वर्षभर मी पुस्तकांवर क्रमांक चिकटवत राहिलो.

यंदा आईने बाग मोडू दिली नाही. पेस्टिंगच्या पहिल्या सकाळी टोळी बांधावर येऊन उभी राहिली. आई खुर्ची टाकून बसली होती. मुकादम माझ्याकडे बघत म्हणाला, "औंदा तोंड कोण हुंगणार?"

कोणी हसलं नाही. मी पुढे झालो, पण माझ्याने तोंड जवळ नेववेना. तेवढ्यात मुकादमाची बायको मागे उभ्या पोरीला हळूच म्हणाली, "काय उपेग? दादा आमची तोंडं हुंगायचा नि चोरून सोता प्यायचा. त्या सांजेला गाडीत घालताना मी पाह्यलं ना त्याचं तोंड, लालभडक."

हळूच म्हणाली, पण शिवार शांत होतं. आईने ऐकलं. ती तिच्याकडे वळली नाही, माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, प्रश्न होता. वर्षभर तो तिथेच असावा, मीच बघितला नव्हता.

"दादा प्यायला नव्हता," मी म्हणालो. "त्याच्या पोटात जे गेलं ते मी दिलं होतं. द्राक्षासव. त्यातही दारू असते. मला माहीत नव्हतं."

स्पंज भिजवलेल्या बादलीत कुठूनतरी एक माशी पडली होती. ती हलायची थांबेपर्यंत आई तिच्याकडे बघत राहिली.

"माझ्यासाठी आणलेलं?" आईने विचारलं.

"हो."

"त्याने मागितलं होतं?"

"नाही. मीच म्हणालो, घे."

आई उठली. मला वाटलं ती घरात जाईल. ती बायांसमोर जाऊन उभी राहिली. "ऐकलं ना? माझा लेक पीत नव्हता. आता ज्याच्याकडं खोकल्याचं, पोटाचं, ताकदीचं जे काय असंल, ते इथं आणून ठेवा. संध्याकाळी जाताना घेऊन जा, पण आठ दिवस झाकण उघडायचं नाय."

पिशव्या उघडल्या गेल्या. खोकल्याच्या दोन बाटल्या निघाल्या, एक टॉनिक, साखरेच्या गोळ्यांवर टाकायच्या थेंबांची एक बारकी शिशी. शेवटी मुकादमाच्या बायकोने पदराआडून अरिष्टाची, म्हणजे आसवासारख्याच मुरवलेल्या काढ्याची, अर्धी बाटली काढली. ती आईकडे न बघता म्हणाली, "बाळंतपणापासनं घेते, माय. मला काय माहीत?"

"त्यालाही माहीत नव्हतं," आई म्हणाली.

हे ती कोणाबद्दल म्हणाली, दादाबद्दल की माझ्याबद्दल, ते मी विचारलं नाही. बाया ओळीत शिरल्या. लाल टोकं मागे पडू लागली. आई दिवसभर त्या बाटल्यांपाशी खुर्ची टाकून बसून राहिली. मी दोनदा पाणी घेऊन गेलो. दोन्ही वेळा तिने तांब्या घेतला, पाणी प्यायली आणि तांब्या माझ्या हातात न देता खाली ठेवला.